समोरची इमारत पाडताहेत, घरात धूळच धूळ. काय काय करता येईल?

धनुकली
२४ नोव्हेंबर, रात्री ९:१२

पुण्यात कर्वेनगरात चौथ्या मजल्यावर राहतो. रस्त्यापलीकडची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आणि दिवाळी आटोपल्या आटोपल्या पाडकाम सुरू झालं. ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) दिवसभर धडधडतोय. हिरवी जाळी लावलीय, पण नावापुरती. खालून फाटून लोंबतेय. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने सही करता येते. फ्रिजच्या डोक्यावर, देव्हाऱ्यात, पंख्याच्या पात्यांवर, बंद कपाटातल्या साड्यांच्या घड्यांवरसुद्धा थर.

घरात सासरे आहेत, वय ७४, जुना दमा. मुलगी दुसरीत, ती उठल्या उठल्या शिंकांची माळ लावते. हॉल आणि बाल्कनी पाडकामाच्या बाजूला, स्वयंपाकघर आणि बेडरूम मागच्या बाजूला.

नवरा म्हणतो प्युरिफायर घेऊ, विषय संपला. सासूबाई म्हणतात दोन वेळा केर काढू, विषय संपला. मला दोन्ही पटत नाहीये. पाडकाम, मग खोदाई, मग बांधकाम, म्हणजे दोन-तीन वर्षांची निश्चिंती. ज्यांनी असा काळ काढलाय त्यांनी सांगा. दुकानदाराचा सल्ला नको, तो घेऊन झालाय. त्याच्या मते आम्हाला चार मशीनं लागतील.

उंटावरचा_शहाणा
२४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

खिडक्या बंद, पडदे बंद, तोंड बंद. (शेवटचं नवऱ्यासाठी. हलके घ्या.)

तुमची सोसायटी पुनर्विकासाला गेली की समोरचे इथे असाच धागा काढतील, तोवर तग धरा.

आजीची_गोधडी
२४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण कोरडा केर आधी बंद करा. फुलझाडूने झाडलं की जेवढी धूळ सुपलीत येते त्याहून जास्त हवेत उडते आणि अर्ध्या तासात परत त्याच फरशीवर बसते. दोन वेळा झाडलं तर दोन वेळा उडते, एवढाच फरक. आमच्या दारात मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा मी झाडू माळ्यावर टाकला होता.

पंखा बंद करायचा. घट्ट पिळलेला फडका घेऊन वरून खाली यायचं: पंखा, ट्यूबलाइट, कपाटांचे माथे, मग टेबलं, सगळ्यात शेवटी फरशी. जुनी बनियन यासाठी नंबर एक. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवायचा आणि ओढून काढायचा, सगळी धूळ अभ्र्याच्या आत राहते, डोक्यावर पडत नाही. फरशीला आधी ओल्या फडक्याचा एक हात, मग केस-कचरा उचलायचा, मग स्वच्छ पाण्याने दुसरा हात. पाणी मधे बदलायचंच, नाहीतर चिखल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता. बाल्कनी झाडू नका, धुवा.

सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत किती माती असते ते एकदा वाकून बघा. खिडकी सरकवली की तीच आत येते. जुना टूथब्रश आणि ओला कागद घेऊन साफ करायची. चौकटीतली लोकरीची बारीक पट्टी झिजली असेल तर बदलून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. त्या फटीतूनच निम्मं सामान आत येतं.

जाड पडदे, गालिचा, सोफ्यावरच्या केसाळ उशा सध्या गाठोड्यात. शोपीस बॅगेत. चपला दाराबाहेर. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं आणि आत सुती, आणि आतलं दर आठवड्याला धुवायचं.

एक महत्त्वाचं. घरकामाला ताई येत असतील तर ओलं पुसायला वेळ जास्त लागतो. तो धरून पैसे वाढवा. आणि त्यांना चांगला मास्क द्या. आपण एका घरच्या धुळीबद्दल बोलतोय, त्या रोज चार घरची नाकात घेतात.

सूक्ष्मदर्शी
२५ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

आजींशी सहमत, पण ते अर्धं झालं. मी कण मोजायच्या उपकरणांच्या धंद्यात आहे, थोडं लांबण लावतो.

टीपॉयवर दिसते ती धूळ आणि छातीत खोलवर जाते ती धूळ, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. उपायही वेगळे. लोक एकाचा उपाय दुसऱ्यावर करतात आणि मग मशीन बोगस म्हणतात.

माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाडकामाची जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक दहा मायक्रॉनच्या वरची. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला तीनेक मिलिमीटर खाली येतो, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं. ही धूळ नाका-घशात अडकते, शिंका आणि खोकला आणते, आणि फडक्याने निघते. अडीच मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर पडायला दोनेक तास लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला अर्धा दिवस. वर पंखा चालू असेल तर तो पडतच नाही म्हणा. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि फडक्याला कधी सापडत नाहीत. पीएम २.५ म्हणतात ते हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, २४ तासांची १५ वर. आपली भारतीय मानकं २००९ ची: वर्षाला ४०, २४ तासांना ६०. त्यामुळे हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपवर 'समाधानकारक' दिसलं तरी ते आपल्या फूटपट्टीने समाधानकारक असतं.

आता प्युरिफायर. तो हवेत तरंगणारं पकडतो. टीपॉयवर बसणारी जाड धूळ त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी बसलेली असते. म्हणून 'प्युरिफायर घेतला तरी धूळ कमी झाली नाही' ही तक्रार खरी आहे आणि मशीनही चांगलं आहे, दोन्ही एकाच वेळी. सासऱ्यांसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्यांच्या खोलीत ठेवा. हॉलमध्ये ठेवून अख्खं घर शुद्ध होत नाही.

निवडताना एकच आकडा बघायचा, सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो ते. बारा बाय दहाची खोली, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायला हवी, म्हणजे १६० सीएडीआर. पण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. झोपताना जो वेग ठेवाल त्याला तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. म्हणून या खोलीला ३०० च्या आसपासचं मशीन घ्या आणि हळू चालवा. भिंतीला चिकटवू नका, पडद्यामागे लपवू नका.

हेपा फिल्टर असला की पुरे. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो तो खरा हेपा, 'हेपासारखा' असं लिहिलेलं सोडून द्या. आयन, प्लाझ्मा, ओझोन असली बटणं असतील तर बंदच ठेवा. ओझोन दम्याला वाईट.

धनुकली
२५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

आजी, अभ्र्याची युक्ती आत्ताच केली. अभ्रा बघून नवरा गप्प झाला.

सूक्ष्मदर्शी, फारच छान समजावलंत. पण खिडक्या पूर्ण बंद ठेवल्या तर घर कोंदतं. सासऱ्यांना बंद खोलीत जीव घाबरा होतो. मग उघडायच्या कधी? पहाटे? तेव्हा हवा शुद्ध असते ना?

ईशान्य_वारा
२५ नोव्हेंबर, दुपारी १:०२

हिवाळ्यात शहरात पहाटेची हवा सगळ्यात वाईट. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर-धूळ सगळं खाली कोंडून राहतं. ऊन चढलं की ते झाकण उघडतं. साधारण एक ते चार या वेळात हवा सगळ्यात बरी असते. पहाटे पाचला टेकडीवर छाती भरभरून श्वास घेणारे काका आठवून वाईट वाटतं, पण वरती टेकडीवर परिस्थिती बरी असते, रस्त्याकडेला चालणाऱ्यांची कठीण.

तुमच्याकडे दुपारी ब्रेकर चालणार, म्हणजे कात्रीत सापडलात. कामगारांची जेवणाची सुट्टी बघा. ब्रेकर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, जाड धूळ बसेल, मग मागच्या बाजूच्या खिडक्या उघडा. काम बंद असेल त्या दिवशी दुपारभर उघडा.

खिडक्या कायम बंद ठेवायच्या नाहीत याचं अजून एक कारण. माझ्याकडे कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. आम्ही तिघं एसी लावून, दार लावून झोपतो तेव्हा पहाटे आकडा २००० च्या पुढे गेलेला असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती फिरवतो. सकाळी डोकं जड होतं ते यानेही. दार बोटभर उघडं ठेवलं तरी आकडा खूप खाली येतो.

आता गंमत. कणांचा मीटर मी स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दोन हातांवर ठेवला होता. पीएम २.५ चा आकडा ३५ चालू होता. बायकोने लसूण-मिरचीची फोडणी दिली, मिनिटभरात ४००. चिमणी लावायची राहिली होती. हॉलमधल्या आईला ठसका लागला तेव्हा कळलं की आकडा खोटा नाही. पोळीचं पीठ तव्यावर जळतं तेव्हाही २००-२५०. बाहेर कुठेही इमारत पडत नव्हती, घरचीच मेहनत.

सूक्ष्मदर्शी
२५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

फोडणीवर +१. चिमणी फोडणीच्या आधी लावायची आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. नळी बाहेर सोडलेली हवी. नळी नसलेली चिमणी तेल गाळते आणि बाकी हवा परत तुमच्याच तोंडावर सोडते.

धनुकली, तुमच्या घराच्या रचनेत एक फसगत आहे. चिमणी किंवा एक्झॉस्ट हवा बाहेर फेकते तेवढीच हवा कुठून तरी आत येते. मागच्या खिडक्या बंद असतील तर ती हॉलच्या फटींतून येईल, म्हणजे थेट पाडकामाची. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची मागची खिडकी थोडी उघडी ठेवा आणि हॉलकडचं दार लोटा.

निवांत
२५ नोव्हेंबर, रात्री ८:४०

मी छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करते. इथे निदान करणार नाही, पण दोन गोष्टी.

सासऱ्यांचा रोजचा प्रतिबंधक इन्हेलर चालू आहे ना? थंडीत 'बरं वाटतंय' म्हणून तो बंद करणारे खूप असतात आणि धूळ वाढली की थेट इमर्जन्सीत येतात. तात्पुरत्या आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पीक फ्लो मीटर नावाचं साधं प्लॅस्टिकचं उपकरण मिळतं, त्यात जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्रास जाणवायच्या आधीच आकडा घसरलेला दिसतो. बाहेर जाताना एन ९५. ओढणी किंवा रुमाल बारीक कणांना अडवत नाही.

मुलीच्या शिंका मात्र सगळ्या समोरच्या बिल्डरच्या खात्यावर टाकू नका. उठल्या उठल्या शिंका म्हटलं की आमचा संशय आधी गादीवर जातो. धुळीतले माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे गादी-उशीत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्यांच्या विष्ठेची अ‍ॅलर्जी असते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की फोफावतात, म्हणजे आपल्याकडे पावसाळाभर. थंडीत कमी होतात, पण मागे ठेवलेली घाण गादीतच असते. चादर, अभ्रे, पांघरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. गादी-उशीला घट्ट विणीची चेनवाली खोळ. मऊ खेळणी पलंगावरून हटवा, आवडतं एक ठेवा आणि तेही धूत जा. गोधडी, गादी कडक उन्हात टाकण्याची रीत चांगलीच, फक्त आपटायचं काम गच्चीवर करा, घरात नाही. पाडकामाआधीपासून शिंका होत्या का, ते आठवून बघा.

धनुकली
२५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

होत्या. गणपतीच्या आसपासपासून.

पापभीरू
२६ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

घरात शुद्धी हवी तर सकाळ-संध्याकाळ धूप, कापूर आणि गुग्गुळ. आमच्याकडे आजोबांपासून चालू आहे, कोणाला दमा नाही. हेपा-बिपा नंतर.

ईशान्य_वारा
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

मीटरसमोर उदबत्ती लावून बघितलीय. खोली बंद असेल तर एका उदबत्तीने आकडा शंभराच्या पार जातो. धुपाचं विचारू नका. धूर तो धूर. देवाचा असला तरी फुप्फुसाला कळत नाही.

पापभीरू
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:२२

आला का परंपरेवर घसरून! डासांच्या अगरबत्तीवर का नाही बोलत?

निवांत
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

बोलते ना. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले होते. बंद खोलीत रात्रभर मुलांच्या उशाशी कॉइल लावतात तेव्हा मला खरंच राग येतो. मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी, बस्स.

पापभीरू, पूजा बंद करा असं कोणीच म्हणत नाहीये. निरांजन लावा, फुलं वाहा, उदबत्ती लावायचीच तर खिडकी उघडून एकच लावा. दमेकरी माणूस त्या वेळी दुसऱ्या खोलीत असला की झालं.

कोपऱ्यातला_कोनाडा
२६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

झाडांचं कोणी बोललं नाही! स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम. नासाने सिद्ध केलंय म्हणे.

सूक्ष्मदर्शी
२६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

नासाचा अभ्यास १९८९ चा, छोट्या हवाबंद पेटीत केलेला, आणि तो वायूंवर होता, धुळीवर नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासून हिशोब मांडला: इमारतीत नुसत्या हवेच्या येण्याजाण्याने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे तुम्हाला राहायला जागा उरणार नाही. झाडं डोळ्यांसाठी ठेवा. आणि पानं पुसत जा, नाहीतर तीही धुळीचं गोदाम.

चंद्रपुरी
२६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

तुमचं पाडकाम दोन वर्षांत संपन. आमच्याकडं २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र हाय, आजूबाजूला कोळशाच्या खाणी हायेत, ते कुठं जातेत? इकडं पांढरा शर्ट दोरीवर वाळत टाकणं म्हणजे जुगार. घुग्घुसकडच्या नातेवाइकांकडं तर ओसरीवर अनवाणी चाललं का तळपाय काळे.

आमचा उपाय सांगतो. दाराखिडक्यांवर जुनी सुती चादर ओली करून टांगतो, दिवसातून दोनदा खळबळून काढतो. बारीक कण थांबत नसतील, पण पाण्याचा रंग पाह्यला का पटते.

उन्हाळ्यात अडचण वेगळीच. इकडं कूलरबिगर जगणं नाही, अन् कूलर बाहेरचीच हवा ओढते. वाळ्याच्या ताटीत जाड माती अडकते, राख आत येते. ताट्या आम्ही दर हप्त्याला पाइपानं धुतो, टाकीतलं पाणी बदलतो, नाहीतर वास सुटते अन् डास होते ते वेगळं. त्यात प्युरिफायर लावून फायदा नाही, एकीकडून भरायचं अन् दुसरीकडून उपसायचं. म्हणून बाबांच्या खोलीत आम्ही एसी घेतला अन् कूलर बाकी घराला ठेवला. बिल येते, पण रात्री खोकत नाहीत.

शिरोळचा_ऊसवाला
२७ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

चंद्रपूरकर, आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की काजळी. साखर कारखान्याच्या चिमणीतनं बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख उडते, काळ्या पापुद्र्यागत अंगणात, पाण्याच्या टाकीत, वाळत घातलेल्या पापडावर पडते. हात लावला की फिसकटते, कपड्यावरचा डाग निघत नाही. म्हणून फुंकून उडवायची, चोळायची नाही. त्यात पाचट पेटवलं की संध्याकाळी डोळं चुरचुरतात. पाचट न जाळता कुट्टी करून रानातच कुजवणारे वाढलेत, आम्हीबी करतोय, जमिनीला सोनं आहे. पण शेजाऱ्याला सांगायला गेलं की वाद.

मालवणी_माणूस
२७ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

आमच्याकडे धूळ म्हणजे काय ते पाहुण्यांच्या गाडीवर बघतो. आमचं दुखणं ओल. जून ते सप्टेंबर कपाटामागची भिंत हिरवी-काळी, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, पुस्तकांना वास. बुरशीचे बीजाणूही हवेतच असतात आणि दमेकऱ्याला तेवढेच वाईट.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. गळती आधी काढायची, रंग नंतर. ओल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. बुरशी कोरडी खरवडायची नाही, साबणाच्या पाण्याने पुसायची, तोंडाला मास्क लावून. आणि डांबरगोळ्या कपाटात ओंजळभर टाकू नका. तो वास म्हणजे वायूच आहे, लहान मुलांच्या कपड्यांत तर अजिबात नको.

बे_एरिया_बाब्या
२७ नोव्हेंबर, रात्री ११:५५

२०२० च्या सप्टेंबरात आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, वणव्यांच्या धुराने ९ तारखेला सकाळी दहा वाजता आकाश नारिंगी झालं होतं, दिवे लावून नाश्ता केला. दुकानांत प्युरिफायर शिल्लक नव्हते. तेव्हा इथे लोकांनी चौकोनी पंख्याच्या चारही बाजूंनी घर गरम करणाऱ्या भट्टीचे, बारीक कण धरणारे 'मर्व्ह १३' दर्जाचे फिल्टर चिकटपट्टीने जोडून खोकं बनवलं, वर पंखा हवा बाहेर फेकतो. कोर्सी आणि रोझेन्थल या दोघांच्या नावाने ते ओळखलं जातं. दिसायला ध्यान, पण काम चोख.

मागच्या वर्षी भारतात आलो तेव्हा आईकडे टेबल फॅनच्या मागे गोल हेपा फिल्टर बांधून बघितला. साधा टेबल फॅन दाट फिल्टरमधून हवा ओढायला कमी पडतो आणि मोटर तापते. त्यामुळे तिथे ही भानगड फार करू नका, मशीनच परवडतं.

सोसायटीचा_सेक्रेटरी
२८ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

सगळे घरातलं बोलताय, मी बाहेरचं बोलतो. धूळ जिथून निघते तिथे अडवणं सगळ्यात स्वस्त, आणि तो खर्च बिल्डरचा आहे, तुमचा नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत बांधकामाच्या धुळीबद्दल तरतुदी घातल्या. ज्या शहरांत कणांचं प्रमाण मर्यादेबाहेर आहे तिथे त्या सक्तीच्या. इमारतीच्या एक तृतीयांश उंचीचा, जास्तीत जास्त दहा मीटरचा आडोसा, पाणी फवारणी, उघड्यावर दगड-फरशी कापायला बंदी, झाकल्याशिवाय राडारोड्याची वाहतूक नाही. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये याहून कडक नियमावली काढली, एक एकराहून मोठ्या जागेला ३५ फुटी पत्रे, लहान जागेला २५ फुटी, बांधकामाला भोवतीने ओलं हिरवं कापड किंवा गोणपाट.

हे माहीत असून उपयोग शून्य, जर कागद नसेल तर. भांडायला साइटवर जाऊ नका, तिथे मुकादम भेटतो आणि त्याच्या हातात काही नसतं. फाटक्या जाळीचे, कोरड्या ब्रेकरचे, उघड्या डंपरचे तारीख-वेळ दिसणारे फोटो. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, एक विकसकाला, एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, तिन्हींवर पोच. पत्रात 'धुळीचा त्रास होतो' असं लिहू नका, त्याला कचऱ्याची टोपली दाखवतात. 'अमुक तारखेला अमुक वेळी पाणी न मारता ब्रेकर चालू होता, आडोसा दुसऱ्या मजल्याखाली नाही' असं लिहा. आणि आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी वेगवेगळी पत्रं द्या, एकत्र एक नको.

खोदाई सुरू झाली की डंपरची चाकं धुवून बाहेर सोडा हे आताच लिहून घ्या. पाडकामापेक्षा रस्त्यावर सांडलेली माती जास्त दिवस छळते, प्रत्येक गाडी ती पुन्हा उडवते.

आजीची_गोधडी
२८ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). सेक्रेटरी असावा तर असा, आमचे पार्किंगच्या पलीकडे जात नाहीत.

रंगारी_गल्ली
२९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

थोडं अवांतर. आम्ही या सुट्टीत जुनं घर रंगवायला काढतोय, १९८० च्या सुमाराचं. ग्रिल आणि दारांचा ऑइल पेंट पॉलिश पेपरने घासणार. धुळीचं काही वेगळं बघायचं का?

सूक्ष्मदर्शी
२९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

अवांतर नाही, कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या ग्रिलवर त्याआधीचे पाच-सहा थर असतील. कोरडं घासू नका, मशीनने तर नाहीच. पाणी मारून वॉटर पेपरने घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, गाळ गुंडाळून टाकायचा. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्या काळात मुक्काम हलवा. लहान मुलं रांगतात, हात तोंडात घालतात, शिसं तिथूनच जातं. रंगाऱ्यालाही सांगा, त्याला कोणी सांगत नाही.

नवं फर्निचर करत असाल तर प्लायवूड-एमडीएफच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात ते त्याने. ई १ किंवा ई ० दर्जाचं मागा, कडा उघड्या ठेवू नका, आणि नवं कपाट आलं की काही आठवडे खिडक्या उघड्या. याला हेपा उपयोगाचा नाही, तो कण धरतो, वायू नाही.

धनुकली
१७ जानेवारी, रात्री ८:१५

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

पत्रं दिली, तिन्हीकडे. पंधरवड्याने आडोसा आला आणि पाण्याचा टँकर उभा राहायला लागला. मधे तीन दिवस टँकर गायब होता, तेव्हा फोटोसह पुन्हा पत्र. आता खोदाई चालू आहे.

सासऱ्यांच्या खोलीत प्युरिफायर लावला, दाराखाली रबराची पट्टी. त्यांची पीक फ्लोची वही चालू आहे, आकडे त्यांच्या हिशोबाने ठीक आहेत, डॉक्टरांनीही वही बघून कौतुक केलं. हॉलमध्ये मशीन घेतलं नाही, तिथे फडकाच. ताईंचे पैसे वाढवले. सासूबाईंनी झाडू सोडलेला नाही, पण बाल्कनीपुरता. मुलीच्या गादीला खोळ घातली, शिंका पुष्कळ कमी. अ‍ॅलर्जीची तपासणी डॉक्टर म्हणाले तर करू.

एक विचारायचं होतं. प्युरिफायरचा फिल्टर काढून बघितला तर पांढऱ्याचा पार काळपट झालाय. नवरा तो नळाखाली धरायला निघाला होता, मी थांबवलं. धुवायचा असतो का?

सूक्ष्मदर्शी
१७ जानेवारी, रात्री ८:४०

बरं झालं थांबवलंत. बाहेरची प्लॅस्टिकची जाळी धुवायची, दर पंधरा दिवसांनी, पूर्ण वाळवून बसवायची. आतला घड्यांचा हेपा पाण्याने खराब होतो, झटकायचाही नाही, फक्त बदलायचा. काळा झाला म्हणजे काम करतोय. रंग बघून बदलू नका, हवेचा झोत कमी झाला किंवा वास यायला लागला की बदला. तुमच्याकडे मशीनवर लिहिलंय त्याच्या आधीच येईल ती वेळ. जोडीचा फिल्टर आताच मागवून ठेवा, खोदाई संपून कटिंगची मशीनं आली की बाजारात धावायला नको.

धनुकली
१७ जानेवारी, रात्री ८:५२

किंमत बघितली. नवऱ्याला उद्या सांगते, आज त्याचा मूड चांगला आहे.